शिवलेलं अर्धं पान

चमच्यातलं पाणी तपकिरी होतं. अर्गिरोनं तोंड वाकडं केलं. "कडू आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या चमच्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.

*

चामड्याच्या पानाला दोन बाजू असतात. केसांकडची पिवळट, मांसाकडची पांढरी. कितीही घासलं तरी केसांची छिद्रं जात नाहीत.

*

मठाच्या दारावरची घंटेची दोरी भिजलेली आहे. फौजदार थेमेलिसनं ती मुठीत धरली आहे. आपण इथं कशाला आलो, हे नंतर त्याला आठवणार नाही.

*

लिओन्तिसच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोन बोटं. बाकीची लाकूड कापायच्या यंत्रात गेली. त्या हातानं तो कुदळ धरतो, बाटली धरतो. सुईत दोरा मात्र आईला ओवायला लावतो.

*

"एक पान कमी आहे! ऐकताय ना फौजदार? एक पान!"

*

टेलिफोनमधला आवाज कालिगासचा होता. जुन्या पोथ्यांचे फोटो काढायला अथेन्सहून आलेला पंडित. मठात टेलिफोन नाही, म्हणून तो चिखल तुडवत गावातल्या कॉफीच्या दुकानापर्यंत उतरला होता. दुकानाच्या दारातून समोर पोलीस चौकी दिसते. तरी त्यानं फोनच केला.

थेमेलिसनं खिडकीतून पाहिलं. समोरच्या काचेआड एक माणूस हातवारे करत होता.

"ऐकतोय," तो म्हणाला.

पोथी सगळ्या गावाला ठाऊक होती. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी मोठ्या ग्रीक अक्षरांत तिच्यावर शुभवर्तमान लिहिलं होतं. पुढं कधीतरी कुणाला नवं चामडं परवडलं नाही. त्यानं ती अक्षरं धुऊन काढली, पानं आडवी करून दुमडली आणि वर उपासाच्या दिवसांतली स्तोत्रं लिहिली. आता मठात दोघीच जोगिणी उरल्या होत्या आणि त्या छापील पुस्तकातून गायच्या. जुनी पोथी उपास जवळ आले की ख्रिस्ताच्या चित्रापुढं मांडायची, ईस्टरला परत कपाटात. मधल्या दिवसांत येणारा-जाणारा तिचं चुंबन घ्यायचा. उघडायचं कुणी नाही.

कालिगासनं उघडली. मोजली. आणि संध्याकाळपर्यंत यानिना शहराहून सरकारी वकिलांचा हुकूम आला: मठात मोलमजुरी करणाऱ्या लिओन्तिसला उद्या दुपारच्या बसनं पाठवा. त्याला आधी एकदा शिक्षा झालेली आहे. देवळातले दिवे विकले होते.

हुकूम वाचून थेमेलिसनं तो टेबलावर ठेवला. टेबलावर त्याच्या बायकोच्या, अर्गिरोच्या मृत्यूचा दाखलाही होता. दोन्ही कागद त्याला सारखेच वाटले.

*

"नाव?"

"साहेब, गेल्या आठवड्यात तुमच्या घरी लाकडं कुणी टाकली?"

"नाव."

"लिओन्तिस. घ्या लिहून. बापाचं नाव? तो तर मेला, तुम्हाला माहितीये."

"देवळाची किल्ली कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे. मक्रिना माईंकडे, मेलानी ताईंकडे. आणि परवापासून त्या अथेन्सच्या सुटाबुटाकडे."

"पान कुठंय?"

"मी पान घेऊन काय करू? विडी वळू?"

"दिवे विकले होतेस."

"दिवे चकाकत होते हो! मला वाटलं चांदी आहे. पितळ निघालं. दोन वर्षं पितळेसाठी बसलो." त्यानं कोठडीतल्या ताटाकडं पाहिलं. "ही घेवड्याची उसळ तेलाशिवाय तुम्ही करता की मुद्दाम करवून घेता?"

"उपास आहेत."

"तुरुंगात शुक्रवारी मटण द्यायचे. मुद्दाम. एकदा खाल्लं. पाप माझ्या डोक्यावर." तो हसला, मग हसणं राहून गेलं. "साहेब, आई अंथरुणाला खिळलीये. या वेळी गेलो तर परत येऊन तिचं तोंड दिसायचं नाही मला. एवढं फक्त ध्यानात ठेवा."

थेमेलिसनं पेन्सिल खाली ठेवली.

"वहिनींचा खड्डा मीच खणला," लिओन्तिस म्हणाला. "जमीन गोठली होती. पण नीट खणला."

"हं," थेमेलिस म्हणाला. सध्या तो सगळ्यांना हेच म्हणत असे.

*

सकाळी तो मठात चढून गेला. बर्फ कडेकडेनं वितळत होतं. देवळात कालिगास पोथीशेजारी उभा होता, जणू आता उरलेली पानं उडून जातील.

"कुणी नेलं असेल?" थेमेलिसनं विचारलं.

"ज्याला किंमत कळते त्यानं. खालची अक्षरं आठव्या शतकातली आहेत. बाहेरचे व्यापारी एका पानासाठी वाट्टेल ते देतील. तो मजूर त्यांचा हस्तक असणार."

"तुम्हाला किंमत कळते."

"मला? अहो, तक्रार मी केली!"

"तुमच्या पेटीत पातं आहे."

"फिल्म कापायला!"

"एवढ्या जोरात बोलू नका. देऊळ आहे."

कालिगास लाल झाला. थेमेलिसला त्याचा राग आला नव्हता, कीवही आली नव्हती. त्यानं फक्त पुढचा प्रश्न विचारला.

"कुठून गेलं ते दाखवा."

कालिगासनं पोथी शेवटाकडं उघडली. शिवणीजवळ पान सफाईनं कापलेलं. बोटभर रुंदीची पट्टी उरली होती.

"आणि हे काय?"

थोडं पुढं एक पान शेजारच्या पानाला काळ्या लोकरीनं टाचलेलं होतं. टाके बारीक, एकसारखे.

"जुनी दुरुस्ती असेल," कालिगास म्हणाला.

"लोकर नवी आहे."

कालिगासनं चष्मा वर केला, वाकला, मग हळू बोलायला लागला. "थांबा. असं असतं बघा. जुनं पान मोठं होतं. ते आडवं करून मधे दुमडलं, त्याची या पोथीची दोन पानं झाली. दुमड शिवणीत अडकलेली. त्यातलं एक कापलं तर त्याचं जोडीदार पान सैल पडून निसटू शकतं."

"हे तेच जोडीदार पान?"

"तेच."

"म्हणजे खालच्या शुभवर्तमानाचं एक पान वरच्या दोन पानांत वाटलेलं."

"हो."

"चोरानं त्यातलं किती नेलं?"

"अर्धं."

"व्यापारी अर्ध्याचं काय देईल?"

कालिगासनं कापलेली पट्टी पुन्हा चाचपली. मग म्हणाला, "घाईत असेल. चुकून…"

"घाईतला माणूस शिवत बसत नाही."

थेमेलिसनं टाक्याच्या टोकाची गाठ बोटानं चाचपली. मिऱ्याच्या दाण्याएवढी, गोल, टणक. दोरा स्वतःच्याच पोटातून उलटसुलट फिरलेला. त्याचा दुसरा हात कोटाच्या खिशात गेला. तिथं अर्गिरोची जपाची दोरी होती, काळ्या लोकरीची. तिच्या मनगटावरून काढून कुणीतरी त्याच्या हातात ठेवली होती. तेव्हापासून ती खिशातच होती आणि तो तिच्या गाठी मोजायचा नाही, नुसत्या धरायचा.

"गेलेल्या पानावर वर काय लिहिलं होतं?"

"वर? वरचं काय महत्त्वाचं नाही हो. छापील पुस्तकात जसंच्या तसं आहे."

"काय लिहिलं होतं?"

"लाझरसच्या शनिवारची स्तोत्रं. थडग्यात चार दिवस पडलेल्या माणसाला हाक मारून उठवलं, ती."

"हं."

*

मक्रिना माईंनी पाहुण्यांच्या खोलीत डाव्या हातानं त्याच्यापुढं बशी सरकवली. बशीत बिहीचा मुरंबा, चमचा, पाण्याचा पेला. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून तो तसाच.

"तिचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," त्या म्हणाल्या.

"हं. पोथी मांडली तेव्हा पानं पूर्ण होती?"

"होती. मेलानीनं एकेक उलटून धूळ पुसली. मी समोर बसले होते. दुसरं काम काय आहे मला? बसायचं आणि दुसऱ्याच्या चुका काढायच्या."

"लिओन्तिसबद्दल काय वाटतं?"

"आळशी आहे. कोंबड्या विसरतो, दाराला कडी घालत नाही. पण पोथीपुढं गेला की बिचारा टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहतो, जशी काही ती त्याला रागावणार आहे. त्यानं नेलं नाही."

"मग कुणी?"

माईंनी बशी आणखी जवळ सरकवली. "मुरंबा घ्या. यात उपासाला न चालणारं काही नाही."

"मेलानी ताई कुठं आहेत?"

"खोलीत. कालपासून बोलत नाही, जेवत नाही. दुपारी बसच्या थांब्यावर जायची परवानगी मागितली. कशाला म्हटलं, तर मान खाली." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. "बसा की हो. त्याही संध्याकाळी तुम्ही असेच उभे होतात."

"कुठल्या संध्याकाळी?"

माईंचा चेहरा जरासा हलला.

"काही नाही. बसा," त्या म्हणाल्या.

तो बसला. मुरंब्याचा चमचा तोंडात घातला. गोड असणार. त्याला काही कळलं नाही. पण चमचा ओठांना लागला, आणि त्याला दुसरा चमचा आठवला. तपकिरी पाणी, लहान बाटलीतलं. बाटली मेलानी ताईंनी आणली होती. देवळातलं पाणी आहे, म्हणाल्या होत्या.

देवळातलं पाणी त्यानं लहानपणापासून प्यायलं होतं. त्यात फार तर तुळस असते.

*

बसच्या आधी त्यानं सगळ्यांना पाहुण्यांच्या खोलीत बसवलं. माई खिडकीपाशी. कालिगास मांडीवर पेटी घेऊन. लिओन्तिसला त्यानं चौकीतून आणलं होतं. बेडी डाव्या हातात घातली होती, उजव्या हातातून ती निघून येत होती. मेलानी ताई दाराशी उभ्या राहिल्या, बाहेर जायच्या जोड्यांत.

"पंडितजी," थेमेलिस म्हणाला, "तुम्ही खालच्या अक्षरांमागं आहात, म्हणून चोरही खालच्या अक्षरांसाठी आला असं तुम्हाला वाटलं. पण त्यानं खालचं अर्धं पान सोडून दिलं. नुसतं सोडलं नाही, हरवू नये म्हणून शिवून ठेवलं. म्हणजे त्याला पोथीचं वाईट करायचं नव्हतं, आणि खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला वरचं हवं होतं. मेलेला उठतो ते पान."

"पण ते तर छापील—"

"छापील पुस्तकाची शाई पाण्यात उतरत नाही."

कालिगासचं तोंड उघडंच राहिलं. लिओन्तिसनं सवयीनं छातीवर क्रूसाची खूण केली, बेडी वाजली.

"माझी आजी करायची," थेमेलिस पुढं म्हणाला. आवाज वर नाही, खाली नाही. चौकीत पंचनामा वाचावा तसा. "पाद्रीबुवांकडून कागदावर प्रार्थना लिहून आणायची, पाण्यात धुवायची, आजाऱ्याला पाजायची. जुनी शाई ओकच्या झाडावरच्या गाठींची. कडू. पान कोमट पाण्यात ठेवून स्पंजनं चोळलं की पाणी तपकिरी होतं."

"देवा," कालिगास पुटपुटला. "धुतलं?"

"आता गाठ. शिवणाऱ्यानं टाके घातले आणि शेवटी गाठ मारली. कुणीही साधी मारली असती. याच्या बोटांनी जपाच्या दोरीची मारली. प्रत्येक वेढ्यात क्रूस घालून. ती मुद्दाम कुणी मारत नाही, पंडितजी. आयुष्यभर हजारो मारल्या की हात दुसरी विसरतात." त्यानं खिशातली दोरी काढून टेबलावर ठेवली. "लिओन्तिसला तीन बोटांत ती जमणार नाही. माईंचा हात उठत नाही. तुम्हाला ती कुणी शिकवलेली नाही. ही दोरी ज्यांनी वळली, पोथीतली गाठ त्यांचीच आहे."

कुणी दाराकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी दोरीकडंच पाहिलं.

"मीच," मेलानी ताई म्हणाल्या. "बसपाशी सांगणार होते. याला चढू दिलं नसतं."

"बसपाशी?" लिओन्तिस म्हणाला. "ताई, रात्रभर मी कोठडीत उवा मारत बसलो!"

"माफ कर."

"करतो. पण कोंबड्यांना आता तुम्ही घालायचं."

"पान कुठं आहे?" थेमेलिसनं विचारलं.

त्यांनी झग्याच्या आतून दोन फळ्या काढल्या, दोरीनं बांधलेल्या. "परत बसवणार होते. वाळलं तसं आखडलं. रोज दाबून ठेवते, सरळ होत नाही."

कालिगासनं फळ्या घाईनं सोडल्या. पान चुरगळल्यासारखं, कडक. वरची अक्षरं पार गेली नव्हती, पण फिकी पडून मागं सरली होती. त्यांच्याखालून आडवी, मोठी, गंजाच्या रंगाची अक्षरं वर आली होती. दिव्याशिवाय, भिंगाशिवाय दिसत होती.

"काय लिहिलंय?" माईंनी विचारलं.

कालिगासनं पान फिरवलं. बराच वेळ ओठ हलवले. "वंशावळ आहे," तो म्हणाला. "लूकच्या शुभवर्तमानातली. अमक्याचा मुलगा, तमक्याचा मुलगा. अर्ध्या ओळी."

"बस?"

"बस. नावं."

बाहेर कोंबडी ओरडत होती. थेमेलिसला वाटलं, आता काहीतरी वाटायला हवं.

"मला विचारायला हवं होतंत, ताई. बाटलीत काय आहे ते."

मेलानी ताईंनी पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ पाहिलं. "तुम्हीच आला होतात."

"कुठं?"

"दाराशी. भिजलेले. तासभर दोरी धरून होतात, घंटा वाजवेचना. माईंनी खिडकीतून पाहिलं, मी दार उघडलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टर आता येत नाहीत. काहीतरी द्या. काहीही द्या. माझ्याकडे काही नव्हतं, फौजदारसाहेब. तेल दिलं होतं, दोरी दिली होती. उरलं काय होतं? तेवढं एक पान."

थेमेलिसनं माईंकडं पाहिलं. माईंनी मान हलवली. हो.

त्याला दोरी आठवली, तिचा ओलेपणा आठवला. शब्द आठवले नाहीत. पण ते त्याचेच होते, यात शंका नव्हती. साक्षीदार दोन.

"मग काल का गप्प बसलात?"

"तिला शब्द दिला होता."

"कुणाला?"

"अर्गिरोला." मेलानी ताईंनी हात झग्यात लपवले. "इतकी वर्षं शाळेत मुलांच्या दौती भरल्या तिनं. तुम्ही चमचा आणायला आत गेलात, तिनं बाटली हुंगली. म्हणाली, ही शाई आहे. मी रडायला लागले. ती म्हणाली, रडतेस काय वेडे, इकडं आण. हे प्यायले तर त्याला वाटेल काहीतरी केलं. त्याला सांगू मात्र नकोस."

लिओन्तिस आपल्या उरलेल्या बोटांकडं पाहत होता.

थेमेलिस उठला. त्यानं किल्ली काढली आणि लिओन्तिसच्या हातातली बेडी सोडली. बेडी खिशात टाकली.

"पंडितजी, पान सापडलं?"

"सापडलं, पण या अवस्थेत—"

"सापडलं की नाही?"

कालिगासनं पानाकडं पाहिलं, मेलानी ताईंकडं पाहिलं. पेटी बंद केली. "सापडलं."

"मग चोरी नाही. नासधूस आहे. यानिनाला मी तसं कळवतो. मागणारा मी, पाजणारा मी. त्यांना ज्याला बोलवायचं त्याला बोलवू दे. आधी मला बोलवतील."

"माझ्यावर प्रायश्चित्त येईल," मेलानी ताई म्हणाल्या.

"ते मी ठरवेन," माई म्हणाल्या. "आणि आज नाही. आज जेव."

खाली रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. थांब्यावर कुणी चढलं नाही. लिओन्तिस दारापर्यंत गेला, परत आला.

"साहेब, उतरताय ना? आईला सांगायचंय. तुम्ही बरोबर असलात तर तिचा विश्वास बसेल. माझ्या एकट्यावर बसायचा नाही."

"चल."

उतारावर बर्फाचं पाणी पायांखालून वाहत होतं. लिओन्तिस बोलत होता: कोंबड्या, आईचा खोकला, तो सुटाबुटातला माणूस आता परत जाईल का. थेमेलिस ऐकत होता. वळणावर स्मशानाची भिंत लागली तेव्हा लिओन्तिस गप्प झाला आणि त्यानं टोपी काढली.

थेमेलिस थांबला. भिंतीपलीकडं पाहिलं. माती अजून बसली नव्हती.

"कडू होतं," तो म्हणाला.

"काय, साहेब?"

तो भिंतीला हात टेकवून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. लिओन्तिस दुसरीकडं बघत, टोपी हातात धरून थांबून राहिला.

लग्न झालं त्या वर्षी अर्गिरोचं वजन थेमेलिसपेक्षा जास्त होतं; शेवटच्या दिवसांत चमचा भरवायला तो तिला एका हातानं उचलून बसवायचा.